पावसात चढाला गाडी उचलत नाही? क्लच प्लेट बदलायच्या आधी हे बघा

जूनमध्ये दोन-चार जोरदार पाऊस झाले की ही तक्रार सुरू होते, आणि दरवर्षी जवळजवळ त्याच शब्दांत येते. पन्हाळ्याच्या किंवा जोतिबाच्या चढाला पुढची एसटी थांबली म्हणून गाडी थांबवावी लागली. परत उचलताना गाडी नुसती घोंघावते, पुढे सरकत नाही. उन्हाळ्यात ठीक होती. गॅरेजला नेली तर उत्तर मिळतं, क्लच प्लेट संपली, सेट बदला. काही जण बदलतात. पुढच्या पावसात तीच रड.

क्लच खरंच संपलेला असू शकतो, नाही असं नाही. पण उन्हाळाभर त्याच चढाला न कुरकुरता गेलेली गाडी पावसाबरोबर बिघडते आणि रस्ता वाळला की आपोआप बरी होते, तेव्हा संशय आधी टायरवर घ्यायचा. गाडी पुराच्या पाण्यात घातली नसेल तर क्लचला पाऊस कळत नाही, टायरला कळतो.

आधी काटे बघा

"पिकअप नाही" या एका तक्रारीत तीन वेगळे आजार लपलेले असतात. इंजिन ताकद देत नाही, हा एक. इंजिन देतंय पण ती चाकापर्यंत पोचत नाही, हा दुसरा. चाकापर्यंत पोचतेय पण रस्ता ती घेत नाही, हा तिसरा. बाहेरून तिन्ही सारखेच दिसतात, कारण गाडी हलत नाही. फरक डॅशबोर्डवर कळतो.

आरपीएमचा (इंजिनाच्या फेऱ्यांचा) काटा वर गेला आणि स्पीडचा काटा खालीच राहिला, तर मध्ये क्लच घसरतोय. दोन्ही काटे वर गेले, स्पीडोमीटर वीस-तीस दाखवतोय आणि गाडी मात्र जागेवर आहे, तर चाक जागेवर फिरतंय. क्लच ठणठणीत आहे, तो ताकद पोचवतोय म्हणूनच चाक फिरतंय. दोन्ही काटे मेल्यासारखे वर चढत असतील तर इंजिनाकडे बघा. काही नव्या गाड्यांत स्पीड चारही चाकांच्या सेन्सरवरून काढतात, तिथे काटा थोडा फसवू शकतो. पण अशा गाड्यांत बहुधा ट्रॅक्शन कंट्रोल, म्हणजे चाक घसरलं की आपोआप आवरणारी यंत्रणा, असतो आणि घसरणाऱ्या गाडीच्या चित्राचा पिवळा दिवा लुकलुकतो. तो दिवा लुकलुकला म्हणजे चाक घसरलं, विषय संपला.

वासही कामाचा आहे. क्लचचा वास जळक्या, करपलेल्या कागदासारखा येतो आणि गाडी थांबवल्यावरही रेंगाळतो. ओल्या रस्त्यावर फिरणाऱ्या टायरला सहसा वास नसतो, फक्त सूं असा आवाज येतो.

खात्री हवी असेल तर कोरड्या, सपाट, मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये ४० च्या स्पीडला गाडी धरा आणि अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएम एकदम उडी मारून वर गेले आणि स्पीड मागून रडतखडत आला, तर क्लच खरंच गेलाय. दोन्ही हळूहळू पण बरोबरीने चढले तर क्लच चांगला आहे. हँडब्रेक ओढून तिसऱ्या गिअरवर क्लच सोडायचा आणि इंजिन बंद पडतं का बघायचं, ही फिटर लोकांची जुनी पद्धतही चालते. पण ती पुन्हा पुन्हा करू नका, चांगली प्लेट त्यातच जाते.

छोट्या गाडीचं चाक फिरतं तरी कसं?

"माझी साधी १.२ लिटर पेट्रोल गाडी, ती काय चाक फिरवणार" असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी हा हिशेब. थोडी आकडेमोड आहे, पण इथेच सगळं कोडं सुटतं.

अशा इंजिनाचा टॉर्क, म्हणजे पीळ, साधारण ११० न्यूटन-मीटर. पहिल्या गिअरचं गुणोत्तर साडेतीनच्या आसपास, फायनल ड्राइव्हचं, म्हणजे गिअरबॉक्सनंतरच्या शेवटच्या गिअरजोडीचं, सव्वाचारच्या आसपास. गुणाकार केला की इंजिनाची पीळ चाकाशी जवळपास पंधरा पटीने वाढलेली असते. गिअरबॉक्समध्ये दहा टक्के गेले असं धरून आणि चाकाची त्रिज्या २९ सेंटिमीटर घेऊन हिशेब केला, तर दोन्ही चाकं मिळून रस्त्याला मागे ढकलतात तो जोर सुमारे ५०० किलो वजनाइतका येतो.

आता रस्ता किती घेऊ शकतो ते बघू. ड्रायव्हरसकट गाडी १००० किलोची धरा. इंजिन आणि गिअरबॉक्स पुढेच असल्यामुळे त्यातले ६०० किलो पुढच्या चाकांवर. कोरड्या डांबरावर टायरची पकड त्याच्यावरच्या वजनाच्या साधारण ८० टक्के असते, म्हणजे ४८०. ओल्या डांबरावर ती ५० टक्क्यांवर येते, म्हणजे ३००. चिखलाचा थर असेल तर २५ टक्के किंवा त्याहूनही कमी, म्हणजे १५०. कोरड्या रस्त्यावर इंजिन आणि टायर जवळपास तोडीस तोड आहेत. ओल्यात इंजिन टायरला सहज हरवतं. चिखलात तर सामनाच नाही.

चढावर यात आणखी दोन वजाबाक्या होतात. दहास एक असा, म्हणजे दहा मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर नेणारा, चढ असेल तर हजार किलोची गाडी नुसती मागे न जाऊ द्यायलाच १०० किलोचा जोर खर्च होतो. शिवाय चढामुळे आणि पुढे जायच्या ओढीमुळे वजन मागच्या चाकांकडे सरकतं. पुढच्या चाकांवरचे पन्नास-साठ किलो कमी होतात, म्हणजे जी चाकं ओढणार तीच हलकी होतात. ओल्या डांबरावर पकड उरते अंदाजे २७०, त्यातून चढाचे १०० गेले, गाडी पुढे न्यायला राहिले १७०. यात गाडी निघते, पण सावकाश. त्याच चढावर चिखल असेल तर हातात चाळीसेक किलो उरतात. आणि चढ सातास एक असेल तर काहीच उरत नाही. मग इंजिन ८० हॉर्सपॉवरचं असो की २०० चं, काही फरक पडत नाही.

हाच हिशेब दुसऱ्या गिअरला करा. गुणाकार पंधरावरून आठवर येतो, चाकाशी जोर २८० किलोच्या आत. म्हणजे पाय थोडा हलका ठेवला तर ओल्या चढालासुद्धा चाक सहसा फिरत नाही. दुसऱ्या गिअरमध्ये गाडी उचला असं जुने ड्रायव्हर सांगतात, त्यामागे हे गणित आहे. क्लच थोडा जास्त घासतो हे खरं, पण ते दोन सेकंदांपुरतं. पहिल्यात पाच मिनिटं चाक फिरवून टायर आणि क्लच दोन्ही तापवण्यापेक्षा ते परवडतं.

एकच चाक फिरतं, दुसरं गप्प बसतं

रस्त्याकडेला गाडी लावली, डावी चाकं साइडपट्टीच्या लाल मातीत आणि उजवी डांबरावर. उचलताना डावं चाक भिरभिर फिरतं आणि उजवं हलतही नाही. लोक म्हणतात, उजव्या बाजूचा अ‍ॅक्सल तुटला. बहुतेक वेळा काही तुटलेलं नसतं.

साधा डिफरन्शियल, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांत जोर वाटणारा गिअरसंच, दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क देतो. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं, म्हणून तो दोघांना वेगवेगळ्या स्पीडने फिरू देतो, पण जोर सारखाच वाटतो. डावं चाक चिखलात ३० किलोचाच जोर घेऊ शकत असेल, तर उजव्यालाही ३०च मिळतो, मग ते कोरड्या डांबरावर का असेना. भारी पहिलवानाबरोबर पोराची जोडी लावली तर कुस्ती पोराच्याच दमावर संपते, तसं हे.

डिफरन्शियल नसला तर काय होतं ते गो-कार्टमध्ये बघायला मिळतं. तिथे मागचा अ‍ॅक्सल एकसंध असतो. दोन्ही चाकं एकत्रच फिरणार, म्हणून वळताना आतलं मागचं चाक थोडं उचललं जाईल अशीच कार्टची रचना करतात. रस्त्यावरच्या गाडीला हे परवडत नाही.

यावर उपाय गाडीप्रमाणे बदलतो. ट्रॅक्शन कंट्रोल असेल तर तो फिरणाऱ्या चाकाचा ब्रेक स्वतःहून दाबतो. त्यामुळे डिफरन्शियलला त्या बाजूला विरोध मिळतो आणि दुसऱ्या चाकाला जोर पोचतो. मागची चाकं ओढणाऱ्या गाडीत, म्हणजे बोलेरो, ईको वगैरेत, हँडब्रेक एक-दोन दाते ओढून हेच काम हाताने करता येतं, कारण हँडब्रेक मागच्या चाकांनाच लागतो. पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत ही युक्ती करू नका. तिथे हँडब्रेक फक्त मागे ओढतो, मदत शून्य. आणि पुढची चाकं ओढणारी गाडी म्हणजे आपल्याकडच्या बहुतेक सगळ्या हॅचबॅक आणि कॉम्पॅक्ट एसयूव्ही. उंच दिसते म्हणून ती फोर व्हील ड्राइव्ह होत नाही. मसाई पठाराच्या कच्च्या वाटेवर पावसाळ्यात अशा गाड्या अडकतात त्या याच गैरसमजातून.

माणसं भरल्यावर जास्तच त्रास होतो

एकटा असताना गाडी चढते, घरची माणसं आणि डिकीत सामान भरलं की त्याच जागी चाक फिरतं. पुढून ओढणाऱ्या गाडीत हे होणारच. भरलेलं वजन बहुतेक मागच्या चाकांवर बसतं, ओढणाऱ्या चाकांना त्यातलं थोडंच मिळतं, पण चढावर ओढायचं मात्र सगळंच असतं. दोघांना उतरवायचं झालं तर मागच्या सीटवरच्यांना उतरवा. पुढे बसलेल्याला बसू द्या, त्याचं वजन थोडंफार तरी कामाला येतं.

मागून ओढणाऱ्या गाडीत नेमकं उलटं. चढ आणि वेग दोन्ही वजन मागे ढकलतात आणि ते ओढणाऱ्या चाकांवरच पडतं. म्हणून भरलेली पिकअप चढाला बिनतक्रार जाते आणि रिकामी असताना त्याच ओल्या रस्त्यावर शेपूट हलवते. घाटात वापरणाऱ्यांनी इनोव्हाची क्रिस्टा आणि हायक्रॉस यांत तुलना करताना हे लक्षात ठेवावं, क्रिस्टा मागून ओढते, हायक्रॉस पुढून.

पुढून ओढणाऱ्या गाडीला अगदीच अडलं, रस्ता आपलाच आहे आणि मागून कोणी येत नाही, असं असेल, उदाहरणार्थ शेतातून रस्त्यावर यायची छोटी चढण, तर गाडी फिरवून रिव्हर्समध्ये चढवून बघा. तेव्हा इंजिनाची बाजू उताराकडे असते, वजन ओढणाऱ्या चाकांवर येतं आणि गाडी चढून जाते. बघणारे हसतात, हसू दे. घाटातल्या वाहत्या रस्त्यावर मात्र हा प्रयोग अजिबात नको.

अडकल्यावर काय करायचं

चाक फिरायला लागलं की पहिलं काम पाय काढणं. माणूस नेमका उलटं करतो, आणखी दाबतो. फिरतं टायर पकड वाढवत नाही, कमी करतं. चिखलात ते खड्डा खणतं आणि खाचा मातीने भरून गुळगुळीत होतं. स्टिअरिंग सरळ करा, कारण वळलेलं चाक थोडी पकड वळण्यातच घालवतं. थोडं मागे येऊन कोरडी किंवा खडीची जागा मिळते का बघा. मग दुसरा गिअर, आरपीएम दीड हजाराच्या आसपास, क्लच सावकाश. पुढचं वाहन चढ संपवेपर्यंत खालीच थांबायची मुभा असेल तर थांबा, चालती गाडी चढवणं थांबलेली उचलण्यापेक्षा कितीतरी सोपं. एएमटी, म्हणजे क्लच पेडल नसलेली, स्वतः गिअर बदलणारी गाडी असेल तर मॅन्युअल मोड घ्या आणि गाडी दुसऱ्यातून उचलू देते का बघा. अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी चढावर तोलून धरू नका, त्यात आतला क्लच जळतो. ब्रेक वापरा.

ट्रॅक्शन कंट्रोलचं एक उफराटं आहे. ओल्या डांबरावर तो चालूच हवा. पण दाट चिखलात तो चाक फिरलं की इंजिनाची ताकदच कापतो, अ‍ॅक्सिलरेटर दाबूनही गाडी ढिम्म. तेवढ्यापुरतं बटण दाबून बंद करा, बाहेर पडल्याबरोबर परत चालू करा. इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनी पावसात इको मोडवर राहावं. मोटर शून्यापासूनच जवळजवळ पूर्ण टॉर्क देते, त्यामुळे स्पोर्ट मोडवर ओल्या सिग्नलला चाक फिरवायला काही कष्ट पडत नाहीत.

टायर तपासणं

टायरच्या खाचांमध्ये मध्येमध्ये रबराचे छोटे उंचवटे असतात, बाजूला त्रिकोणाची खूण किंवा टीडब्ल्यूआय लिहिलेलं असतं. रबर झिजून त्या उंचवट्याला भिडलं की १.६ मिलिमीटर उरले, कायद्याने तिथे टायर संपला. पण आपल्या पावसाला ती मर्यादा फार उशिराची आहे. ३ मिलिमीटरवर आले की पुढची जोडी बदलायचा विचार करा, विशेषतः गगनबावड्याकडे किंवा आंबा घाटाने रत्नागिरीकडे नेहमीचं जाणं असेल तर.

वयही बघा. बाजूला चार आकडी कोड असतो, २३१८ म्हणजे २०१८ सालचा तेविसावा आठवडा. खाच भरपूर आणि रबर दगडासारखं, अशा टायरला ओल्यात पकड नसते. कमी चालणाऱ्या गाड्यांत हा आजार हमखास. हवा दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे, गाडी थंड असताना. पंपावर सरसकट ३५ मारून घ्यायची सवय आहे आपली, त्याने टायर मध्यभागावरच उभं राहतं.

आणि मोठे अलॉय, रुंद टायर. दिसायला नाद खुळा, मान्य. पण टायरचा बाहेरचा व्यास पाच टक्के वाढला की चाकाशी मिळणारा जोर तेवढाच घटतो, वजन वाढतं ते वेगळंच. साध्या गाडीत पकडीची अडचण पहिल्या गिअरपुरती असते, पुढे इंजिनच कमी पडतं. त्यामुळे रुंद टायरने पिकअप वाढत नाही, उलट साठलेल्या पाण्यावर रुंद टायर लवकर तरंगतं.

रस्त्यावर काय पडलंय तेही ओळखायला हवं. वळवाचा पहिला पाऊस सगळ्यात वाईट, कारण उन्हाळाभर साठलेली धूळ आणि ऑइल त्यात वर येतं. पंचगंगेचा पूर ओसरल्यावर आंबेवाडी-चिखलीकडे गाळाचा पातळ थर राहतो, वरून वाळल्यासारखा दिसतो, खाली ओलाच. आणि पावसाळा संपला तरी सुटका नाही. ऊस तोडणी सुरू झाली की ट्रॅक्टर-ट्रॉल्या शेतातली काळी माती चाकांना घेऊन डांबरावर येतात. तिच्यावर पहाटेचं दव पडलं की झालंच.

टायर नाही, इंजिन किंवा क्लच निघाला तर

दोन्ही काटे सुस्त असतील तर एअर फिल्टर, टर्बोचा होज, इंधन फिल्टर अशा क्रमाने जा. गावातल्या गावात फिरणाऱ्या बीएस सिक्स डिझेलमध्ये डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, चोंदलेला असण्याची शक्यता मोठी. दिवा लागला असेल तर हायवेला निपाणीपर्यंत एका लयीत, दोन हजार आरपीएमच्या वर चालवून आणा, बऱ्याचदा तेवढ्यावर मोकळा होतो. उचलताना पुढचं चाक थडथडत असेल तर इंजिन माउंटिंग आणि लोअर आर्मचे बुश बघा.

चाचणीत क्लच घसरताना दिसला तर बदलायलाच हवा, पण गॅरेजला दोन गोष्टी आधीच सांगा. जुनी प्लेट टाकून न देता दाखवा म्हणावं. ती एकसारखी झिजून रिव्हेटपर्यंत आली असेल तर वय झालं, ठीक. ती तेलकट आणि काळी असेल तर इंजिनाचं मागचं ऑइल सील किंवा गिअरबॉक्सचं सील गळतंय. सील तसंच ठेवून नवी प्लेट बसवली तर सहा-आठ महिन्यांत तीही तेल पिऊन घसरणार, आणि दरवर्षी क्लच जातो अशी तक्रार करणाऱ्या बऱ्याच गाड्यांत हेच असतं. दुसरं म्हणजे फ्लायव्हील, क्लच प्लेट ज्यावर दाबली जाते ती इंजिनाची जड चकती. त्यावर निळसर डाग किंवा बारीक चिरा दिसल्या तर कोल्हापूरच्या उद्यमनगरला मशीनवर फेस, म्हणजे घासून सपाट, करून घ्या, अर्थात कंपनी ते चालवून घेत असेल तरच. ड्युअल मास फ्लायव्हील, म्हणजे मध्ये स्प्रिंग असलेलं दोन भागांचं, असेल तर फेस करायचा प्रश्नच येत नाही, ते तपासून लागलं तर बदलायचं. खर्च ऐकून घाम फुटतो, म्हणून गिअरबॉक्स उतरवायच्या आधीच विचारून घ्या.